कुत्र्याची शेपटी ओळखायला शिकवणारा बेळगावातील रविवारचा वर्ग

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस आमच्या गल्लीत माझ्या सात वर्षांच्या मुलाला शेजाऱ्यांचा कुत्रा चावला. तो कुत्रा आम्हाला अनोळखी नव्हता. वर्षभर येता-जाता आम्ही त्याला फाटकाआड पाहत होतो. त्या संध्याकाळी फाटक उघडे होते, कुत्रा उंबऱ्यापाशी उभा होता आणि त्याची शेपटी भरभर हलत होती. मुलगा थबकला, तेव्हा "जा रे, शेपूट हलवायलंय बघ ते, काय करत नाही," असे त्याला सांगणारी मीच होते. तो दोन पावले पुढे गेला, त्याने हात पुढे केला आणि पुढच्या क्षणी त्याच्या मनगटाला दोन दात लागले. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली, लगेच सरकारी दवाखाना गाठला आणि लशीचे सगळे डोस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण केले. जखम पंधरवड्यात भरली. मी त्याला जे सांगितले होते ते मात्र माझ्या मनातून जाईना, कारण ते वाक्य मी माझ्या आईकडून ऐकले होते, आईने तिच्या आईकडून ऐकले असणार आणि आमच्या भागातल्या बहुतेक घरांत ते आजही तसेच सांगितले जाते.

आपल्या भाषेत कुत्र्याच्या शेपटीविषयी खरे तर पुष्कळ शहाणपण आहे. कोणी लाचारीने कोणाच्या मागेपुढे करू लागला की तो 'गोंडा घोळतो' असे आपण म्हणतो, आणि घाबरून माघार घेणाऱ्याने 'शेपूट घातले' असे म्हणतो. या दोन्ही शब्दप्रयोगांमागे कुत्र्याला जवळून पाहणारी माणसे आहेत. घोळलेला गोंडा खाली असतो, अंग वाकलेले असते. आत घातलेली शेपटी पोटाला चिकटलेली असते. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी शेपटीची उंची, तिची गती आणि तिच्यासोबतचे अंग हे सगळे एकत्र पाहिले होते. आपण पुढच्या पिढ्यांनी ते सगळे सोडून 'हलते आहे की नाही' एवढाच एक प्रश्न शिल्लक ठेवला. दिवाळीनंतर ज्या वर्गाला आम्ही घरातले चौघे गेलो, त्या वर्गाने हा सुटलेला भाग मला परत दिला, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

हा वर्ग हिंडलग्याच्या बाजूला एका मोकळ्या जागेत भरतो. चार रविवार, सकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि त्यानंतर प्रत्येकाच्या घरी एक भेट, असे त्याचे स्वरूप आहे. आमच्या वेळी शुल्क तीन हजार रुपये होते आणि ते कुत्र्यामागे नसून कुटुंबामागे होते. घरातली सगळी माणसे, विशेषतः लहान मुले, यावीत असा चालकांचा आग्रह असतो. वर्ग चालवणारे गृहस्थ मूळचे खानापूर तालुक्यातले, सैन्याच्या श्वानपथकात नोकरी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. नाव छापलेले त्यांना आवडत नाही, त्यामुळे ते येथे देत नाही. शुल्क आम्ही पूर्ण भरले होते आणि आमची त्यांच्याशी आधीची ओळख नव्हती. येथे 'बस', 'उठ', 'हात दे' असले काही शिकवत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. आमच्यासोबतचे एक कुटुंब ती अपेक्षा ठेवून आले होते आणि दुसऱ्या रविवारनंतर ते आले नाही. येथे शिकायचे असते ते माणसांनी.

पहिल्या रविवारी कुत्रे आणायचे नसतात. सुभेदारांनी एका मोठ्या पडद्यावर, वर्षानुवर्षे स्वतः टिपलेली छोटी चित्रणे दाखवली. प्रत्येक चित्रण दोनदा दाखवले. पहिल्या वेळी पडद्यावर पुठ्ठा धरून कुत्र्याचे सगळे अंग झाकले आणि फक्त शेपटी उघडी ठेवली. हा कुत्रा कोणत्या मनःस्थितीत आहे ते प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे. दुसऱ्या वेळी उलटे: शेपटी झाकलेली, बाकीचे कुत्रे उघडे. असे दहा कुत्रे झाले. नुसती शेपटी पाहून मी दहापैकी आठ जणांना 'खूश' लिहिले होते. अंग उघडे झाले तेव्हा त्या आठांतले तीनच खूश निघाले. एक जण दुसऱ्या कुत्र्यावर झेप घेण्याच्या बेतात होता, दोघे घाबरलेले होते, एक भुकेलेला आणि अस्वस्थ, आणि एक पशुवैद्याच्या टेबलावर उभा राहून डोळ्यांचे पांढरे दाखवत, ओठ चाटत शेपटी हलवत होता. माझ्या मुलाचे माझ्यापेक्षा दोन अधिक बरोबर आले, कारण तो चेहऱ्याकडे बघत होता. सुभेदारांचे एक वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरात रुळले. वर्गात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माणसे असल्यामुळे ते प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगतात: "शेपूट बघू नका, कुत्रं बघा," आणि लगेच, "बाल नोडबेडी, नायी नोडी." कन्नडमध्ये शेपटीला बाल म्हणतात. दोन्ही भाषांत ऐकल्यामुळे की काय, ते अधिक पक्के बसले.

त्याच रात्री मी शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या कॅमेऱ्यातले त्या संध्याकाळचे चित्रण पुन्हा मागून घेतले. घटना घडली तेव्हा आम्ही दोन्ही घरांनी मिळून ते पाहिले होते आणि 'शेपूट हलवत होता, एकदम चावला' या निष्कर्षावर आमचे एकमत झाले होते. आता मी शेपटीवर हात ठेवून ते पाहिले. कुत्र्याचे तोंड घट्ट मिटलेले होते. त्याचे वजन पुढच्या पायांवर होते, मान ताठ होती आणि तो माझ्या मुलाकडे एकटक बघत होता. खांद्यापासून कंबरेपर्यंतचे अंग जराही हलत नव्हते. त्याच्या पुढच्या पायांमध्ये वाळलेल्या भाकरीचा तुकडा पडलेला होता, तो तर आमच्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता. हात उचलून शेपटी पाहिली, तर ती पाठीच्या रेषेच्या बरीच वर, काठीसारखी ताठ, आणि फक्त टोकाकडच्या भागात लहान लहान झटक्यांनी हलत होती. मुलगा थबकल्यापासून चावा बसेपर्यंत चार सेकंद गेले होते. त्या चार सेकंदांत कुत्र्याने जवळजवळ सगळे सांगितले होते. शेजारच्या काकूंनाही मी ते दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुत्र्याचे खाणे फाटकापासून दूर, मागच्या अंगणात हलवले.

शेपटी हलण्याचे प्रकार सुभेदार असे समजावतात की ते पाठ करावे लागत नाहीत. पहिला प्रश्न: हालचाल कुठून सुरू होते? कुत्र्याचा आनंद कंबरेतून येतो. शेपटीसोबत मागचा भाग डोलतो, पाठ नागमोडी होते, कान सैल पडतात, तोंड किंचित उघडे असते. आवडते माणूस बऱ्याच वेळाने घरी आले तर काही कुत्र्यांची शेपटी चक्राकार फिरू लागते, आणि ते चक्र सहसा निखळ स्वागताचे असते. दुसरा प्रश्न: उंची किती? शेपटी नेहमीच्या जागेपेक्षा वर गेली की कुत्रा उत्तेजित झाला आहे किंवा स्वतःवर त्याचा भरवसा वाढला आहे. खाली गेली की तो संकोचला आहे किंवा घाबरला आहे. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींना प्रत्येक कुत्र्याचा स्वतःचा वास असतो आणि वर उचललेली शेपटी तो वास मोकळा करते, खाली दाबलेली शेपटी तो झाकते. त्यामुळे आपल्याला जे फक्त दिसते ते दुसऱ्या कुत्र्याला हुंगताही येते. तिसरा प्रश्न: वेग आणि रुंदी किती? रुंद आणि सैल हालचाल मैत्रीकडे झुकते, अरुंद आणि वेगवान हालचाल ताणाकडे. खाली दबलेल्या शेपटीचे लहान, घाईचे हलणे हाच आपला 'गोंडा घोळणे'. त्यात 'मला काही करू नका' ही विनवणी असते, आणि अशा कुत्र्याला कोपऱ्यात गाठून लाड करायला गेले तर तोही चावू शकतो. मध्यम उंचीवर सावकाश हलणारी शेपटी म्हणजे कुत्र्याचे अजून ठरलेले नाही. अशा वेळी माणसाने जागच्या जागी थांबावे, बाजूला वळावे आणि पुढचे कुत्र्यावर सोडावे. या सगळ्यातून मला एवढे उमगले की शेपटी हलणे म्हणजे कुत्र्याच्या मनात काहीतरी जोराने चालले आहे, एवढीच खात्रीची बातमी. ते काय आहे हे बाकीचे अंग सांगते.

दुसरा रविवार या वर्गाचा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत सदोष असा दिवस होता. मोलाचा अशासाठी, की त्या दिवशी 'नेहमीची जागा' म्हणजे काय ते कळले. शेपटी वर गेली की खाली गेली हे ठरवायचे तर ती त्या कुत्र्याची एरवी कुठे असते ते आधी माहीत हवे, आणि ते जातीजातीत इतके वेगळे असते की एकाचे माप दुसऱ्याला लावले तर हमखास चूक होते. आमच्या तुकडीत गोकाकच्या बाजूचे एक शेतकरी आपला मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा घेऊन आले होते. उंच, सडपातळ, खोल छातीचा तो नर आल्यापासून शेपटी पायांमागे खाली सोडून उभा होता आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखाने सांगितले की तो घाबरला आहे. सुभेदार म्हणाले की तो या मैदानातला सगळ्यांत निवांत कुत्रा आहे. मुधोळची शेपटी मुळातच खालून फुटते, लांब आणि निमुळती असते आणि विश्रांतीत खालीच लोंबते, फक्त टोकाला हलका बाक असतो. आमच्याकडच्या गावठी कुत्र्यांचे याच्या उलट; त्यांची शेपटी सहज उभी असताना कोयत्यासारखी पाठीवर वळलेली असते, म्हणून मुधोळच्या मालकाला प्रत्येक गावठी कुत्रे भांडखोर वाटते आणि गावठी पाळणाऱ्याला प्रत्येक मुधोळ भित्रा वाटतो. पगची शेपटी तर गुंडाळीच असते. तिच्यातून फार थोडे कळते, तेथे कान आणि कपाळाच्या सुरकुत्या पाहाव्या लागतात.

मुधोळविषयी येथे थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण हा आपल्याच शेजारचा कुत्रा आहे आणि शहरातल्या लोकांना त्याची ओळख कमी आहे. आजच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि तिच्यातले कुत्रे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिले. महाराष्ट्रात याच जातीच्या कुत्र्यांना कारवानी म्हणतात. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता, आणि मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे बिदरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र या जातीवर काम करते. वास काढण्यापेक्षा नजरेने हेरून धावत शिकार गाठणारा हा कुत्रा आहे; त्याची लांब शेपटी वेगात वळताना तोल सांभाळण्याच्या कामी येते. शेतकरीमामांनी त्याला मोकळे सोडले तेव्हा ती खाली लोंबणारी शेपटी सुकाणूसारखी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना आम्ही पाहिली. शेपटी हे आधी तोलाचे इंद्रिय आहे आणि बोलण्याचे काम तिच्याकडे त्यासोबत आले, हे त्या धावण्यात जितके कळले तितके चित्रणात कळले नसते.

तुकडीत एक डॉबरमनही होता, पिल्लूपणीच शेपटी कापलेला. त्याच्या मालकांना आपला कुत्रा इतरांशी नेहमी भांडतो ही तक्रार होती. सुभेदारांनी इतर कुत्र्यांना त्याच्यासमोरून अंतर ठेवून नेले आणि आम्हाला त्याच्याकडे न बघता समोरच्या कुत्र्यांकडे बघायला सांगितले. ते सगळे बिचकत होते, थांबत होते, वळसा घेत होते. आखूड खुंटाची हालचाल त्यांना उमगत नव्हती. कॅनडातील दोन संशोधकांनी 2008 मध्ये यावरच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दुरून चालवता येणारा, खऱ्या कुत्र्याएवढा एक यांत्रिक कुत्रा त्यांनी मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये उभा केला. त्याची लांब शेपटी हलत असताना इतर कुत्रे त्याच्याजवळ अधिक सहजपणे येत आणि ती स्थिर असताना कमी. शेपटी आखूड लावली तेव्हा ती हलते की स्थिर आहे याने फरक पडेनासा झाला. दिसायला रुबाबदार वाटावे म्हणून आपण एका मुक्या जनावराचे बोलणे कापून टाकतो, हे मला त्या सकाळी प्रत्यक्ष दिसले आणि फार वाईट वाटले. ज्यांच्या घरी अशा जातीचे पिल्लू येणार आहे त्यांनी शेपटी राखूनच पिल्लू द्यावे असे आधी बजावून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता दोष. त्या मैदानात आठ कुत्रे होते आणि जागा आठांना पुरेशी नव्हती. आमची चिंगी खानापूरच्या शेतावरून आणलेली, स्वभावाने हळवी गावठी कुत्री आहे. तिने दोन तास शेपटी पोटाशी घट्ट घेतली होती आणि शेवटी ती माझ्या पायांमागे थरथरत बसली. तिची 'नेहमीची जागा' त्या दिवशी टिपणे अशक्य होते. सुभेदारांनी तिला लांब झाडाखाली न्यायला सांगितले, हे बरोबरच केले, पण झाडही तेथे एकच आहे आणि त्याखाली आधीच दोन कुत्रे होते. एका तुकडीत पाचापेक्षा अधिक कुत्रे घेऊ नयेत आणि भित्र्या कुत्र्यांची वेळ वेगळी ठेवावी असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पिण्याच्या पाण्याची सोयही तेथे नाही, माणसांचे आणि कुत्र्यांचे दोन्ही पाणी घरून न्यावे लागते. लेखी टिपण काहीच देत नाहीत. सुभेदारांचे म्हणणे असे की कागद दिला की लोक कागद बघतात. हे मला पटले नाही. घरातल्या वृद्ध माणसांसाठी आणि मुलांसाठी दोन पानांचे चित्रमय टिपण मराठीत आणि कन्नडमध्ये दिले तर त्याचा खूप उपयोग होईल.

याहून गंभीर आक्षेप तिसऱ्या रविवारच्या एका भागावर आहे. शेपटी उजवीकडे अधिक हलली तर आनंद आणि डावीकडे अधिक हलली तर भीती, असे सुभेदारांनी ठामपणे सांगितले आणि नंतरचा अर्धा तास सगळी मंडळी डावे-उजवे शोधत बसली. या म्हणण्याला आधार आहे. इटलीतील संशोधकांनी 2007 मध्ये तीस पाळीव कुत्र्यांवर हा प्रयोग केला; मालक दिसला तेव्हा शेपटी उजवीकडे अधिक झुकली आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला तेव्हा डावीकडे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि जवळ जाण्याच्या भावना त्याच्याशी जोडलेल्या असतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे 2013 मध्ये त्याच गटाने 43 कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याची शेपटी हलतानाची चित्रणे दाखवली, तेव्हा डावीकडे हलणारी शेपटी पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. मात्र हे माप प्रयोगशाळेत, वरून लावलेल्या कॅमेऱ्याने, चित्रणाची एकेक चौकट तपासून घेतले होते. उजवे-डावे हे कुत्र्याचे स्वतःचे असते, त्यामुळे तो आपल्यासमोर तोंड करून उभा असला की आपल्याला ते उलटे दिसते. रस्त्यात, दोन सेकंदांत, हलणाऱ्या कुत्र्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला हे ओळखता येईल असे मला वाटत नाही, आणि ओळखण्याच्या नादात तो पुन्हा शेपटीकडेच बघत राहील. स्वतःच्याच उत्तम शिकवणीला सुभेदारांनी येथे छेद दिला. मुलांच्या वर्गात तर हा भाग अजिबात नसावा.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मात्र त्यांनी कोल्ह्यांची हकीकत सांगितली, ती खूप छान होती. रशियात नोवोसिबिर्स्क येथे 1959 पासून रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू झाला. द्मित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने प्रत्येक पिढीतून माणसाला सर्वांत कमी बिचकणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली आणि काही पिढ्यांतच त्यातले कोल्हे माणूस दिसताच शेपटी हलवू लागले. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते. निवड केली होती ती फक्त मवाळपणाची. 2024 मध्ये काही युरोपीय संशोधकांनी याच्या जोडीला आणखी एक शक्यता मांडली आहे, ती अशी की माणसाला मुळात तालाची आवड असते आणि त्यामुळे तालात शेपटी हलवणारे कुत्रे आपल्या पूर्वजांनी नकळत जवळ ठेवले असावेत. हे अजून अनुमानच आहे. तरी संध्याकाळी दार उघडल्यावर चिंगीची शेपटी दाराच्या चौकटीवर टप टप वाजते तेव्हा मला त्या अनुमानाची आठवण होते.

त्याच रविवारी कॅम्पमधून येणाऱ्या लॅब्रॅडॉरची शेपटी एखाद्या ओल्या दोरीसारखी लोंबत होती; मुळापाशी दोन बोटे आडवी आणि पुढे सरळ खाली. आदल्या दिवशी त्याला मलप्रभेत पोहायला नेले होते आणि तो रुसला आहे असे त्याच्या घरच्यांना वाटत होते. सुभेदारांनी हात न लावता लांबूनच पाहिले आणि सांगितले की हा रुसवा नाही, हे दुखणे आहे, वर्ग सोडून आत्ताच डॉक्टरांकडे न्या. गार पाण्यात खूप पोहल्याने किंवा अति दमणूक झाल्याने शेपटीच्या मुळाचे स्नायू असे आखडतात आणि लॅब्रॅडॉरमध्ये हे विशेष दिसते. विश्रांती आणि औषधाने तो चार दिवसांत बरा झाला. आपले काम कुठे संपते आणि पशुवैद्याचे कुठे सुरू होते हे ओळखणारा प्रशिक्षक मिळणे सोपे नाही. याआधी आम्ही चिंगीसाठी दुसऱ्या एका प्रशिक्षकाला घरी बोलावले होते, त्याने पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि तिने शेपूट घातल्यावर 'आता ऐकायला लागली' असे आम्हाला सांगितले होते. ते आम्ही तेव्हा मान्य केले, याचे आज दुःख होते.

चौथा रविवार रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी होता आणि तो फार लवकर आटोपला. बेळगावात काय किंवा येळ्ळूर, कंग्राळीसारख्या आसपासच्या गावांत काय, मुलांचा खरा संबंध पाळलेल्या कुत्र्यांपेक्षा गल्लीतल्या कुत्र्यांशी येतो. शाळेत जाताना, किराणा आणताना, पहाटे व्यायामाला जाताना समोर येतात ती हीच. त्यांच्यासाठी जेमतेम पाऊण तास मिळाला. त्यात मुलांना शिकवलेली एक गोष्ट तेवढी उत्तम होती: कुत्रा ताठ शेपटीने समोर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, हात अंगाशी घेऊन, नजर जमिनीकडे ठेवून झाडासारखे उभे राहायचे आणि कुत्रा हुंगून निघून गेला की सावकाश बाजूने सरकायचे. माझ्या मुलाने तो सराव बारा-पंधरा वेळा केला, पहिल्यांदा डबडबलेल्या डोळ्यांनी आणि शेवटी अगदी शांतपणे. या एका सरावासाठी मी सुभेदारांची ऋणी आहे. कळपातले कुत्रे आणि पिल्लांची आई यांची लक्षणे वेगळी असतात; त्यांच्यासाठी निदान एक पूर्ण सकाळ द्यायला हवी होती.

घरच्या भेटीत सासूबाईंचा एक जुना समज गळून पडला. चिंगी चपला चावते आणि पकडली गेली की मान खाली घालून, शेपटी पायात घेऊन तिचे टोक तेवढे हलवते. "बघा, चूक कळते तिला," असे सासूबाई म्हणत. सुभेदारांनी त्यांना चपलेला कोणी हात लावला नसताना उगीचच रागावून बघायला सांगितले. सासूबाईंनी आवाज चढवला आणि चिंगीने तीच मान, तीच शेपटी, तेच टोक दाखवले. न्यूयॉर्कमधील एका संशोधक बाईंनी 2009 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याचा तो 'अपराधी चेहरा' त्याने चूक केली की नाही यापेक्षा मालक रागावला की नाही यावर ठरतो असे त्यात दिसले. सासूबाई खाली बसल्या, चिंगीला जवळ बोलावले आणि "अगं बाई, भिऊन करत होतीस होय," असे म्हणून बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने चिंगीची कंबर डोलू लागली.

ज्यांच्या घरी दहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा दोन्ही आहेत, किंवा ज्यांच्या गल्लीत कुत्रे आहेत, त्यांनी हा वर्ग करावा असे मी निःशंकपणे सांगेन. तीन हजार रुपये त्यासाठी जास्त नाहीत. कुत्र्याला आज्ञा शिकवायच्या असतील तर येथे येऊ नये. भित्रे कुत्रे असेल तर दुसऱ्या रविवारी त्याला आणण्याआधी सुभेदारांशी बोलून तुकडीत किती कुत्रे आहेत ते विचारून घ्यावे. वही, पाणी आणि टोपी घरून न्यावी, मुलांना नक्की न्यावे आणि पहिल्या दिवसाआधी आपल्या कुत्र्याचे झोपून उठतानाचे, फिरायला निघतानाचे आणि जेवतानाचे असे तीन छोटे चित्रण फोनवर करून ठेवावे. आम्हाला हे आधी कोणी सांगितले नव्हते. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरते म्हणून वर्ग बंद असतो, नवी तुकडी दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. शाळांमध्ये येऊन मुलांना तो झाडासारखे उभे राहण्याचा सराव फुकट शिकवायला सुभेदार तयार आहेत; मी आमच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे तसा अर्ज दिला आहे आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात ते येणार आहेत.